पर्वती: पेशव्यांचा टेकडीवरचा वाडा, पायथ्याच्या बागा आणि त्या सगळ्यांच्या कशा झाल्या?

बारामतीहून किंवा इंदापूरहून एसटीने पुण्याला आलात, तर बहुतेकदा गाडी स्वारगेटला सोडते. तिथून सारसबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बागेतून नैऋत्येला पाहिलं की टेकडीवर मंदिराचा कळस दिसतो. ही पर्वती. अनेकांसाठी ती पुण्यातलं एक देवस्थान किंवा सकाळी व्यायामाला चढायची टेकडी असते. पण ही टेकडी, तिच्यावरचा वाडा, पायथ्याचं तळं आणि तळ्याकाठच्या बागा हे सगळं एकेकाळी एकाच आखणीचा भाग होतं, आणि ते एका सत्ताधाऱ्याच्या घराण्याच्या मालकीचं होतं.

पर्वतीवर नेमकं काय होतं? तिच्या पायथ्याच्या बागा कशा तयार झाल्या? पाणी कुठून आणलं? वाड्याचं काय झालं? आणि बारामतीशी या टेकडीचा काय संबंध? समजून घेऊया.

थोडक्यात

- पर्वतीवरचं देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये उभं राहिलं. मंदिराशेजारी पेशव्यांचा वाडा होता.
- पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं गेलं. त्या परिसरात सारसबाग आणि हिराबाग वसल्या.
- पानिपतच्या पराभवानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचं निधन पर्वतीवरच झालं.
- ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून पाहिली.
- १३ ऑक्टोबर १९२९ रोजी इथल्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलितांनी सत्याग्रह सुरू केला.

पेशवे राजे नव्हते, मग वाडा 'राजवाडा' कसा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पेशवा म्हणजे राजा नव्हे. पेशवा हा छत्रपतींचा मुख्य प्रधान. राजगादी साताऱ्याला होती आणि तिच्यावर १७४९ पर्यंत छत्रपती शाहू महाराज होते. पण अठराव्या शतकात कारभाराचं केंद्र हळूहळू साताऱ्याहून पुण्याकडे सरकलं. पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला आणि त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव म्हणजेच नानासाहेब यांच्या काळात पुणं खऱ्या अर्थाने राजधानीसारखं वाढलं. पेठा वसल्या, पेठांना पाणी आलं, सावकार, कारागीर, शास्त्री-पंडित येऊन राहिले.

शनिवारवाडा ही दरबाराची जागा होती. तिथे कचेऱ्या होत्या, पहारे होते, वर्दळ होती. शहराच्या दक्षिणेला असलेली पर्वतीची टेकडी मात्र शांत होती. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे २,१०० फूट आहे. म्हणजे ती शहराच्या जमिनीपासून जेमतेम अडीचशे-तीनशे फूट वर आहे. चढायला सोपी, पण वरून सगळं पुणं दिसेल इतकी उंच. शहराजवळची, तरीही शहराबाहेरची. पूजा, विश्रांती आणि निवांत मुक्काम यासाठी अशी जागा सोयीची होती.

बारामतीचा संबंध काय?

इथे बारामतीचा धागा येतो.

पहिल्या बाजीरावांचं २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी इथे निधन झालं. तेव्हा नानासाहेब अवघे १९ वर्षांचे होते. पेशवेपद त्यांनाच मिळेल याची खात्री नव्हती. या पदावर आणखी एकाचा दावा पुढे आला, तो म्हणजे बारामतीचे बाबूजी नाईक जोशी यांचा.

बाबूजी नाईक मोठे सावकार होते. बाजीरावांना मोहिमांसाठी कर्ज काढावं लागे आणि त्यातलं बरंच कर्ज बाबूजींचं होतं. शिवाय नातंही होतं. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांची पत्नी. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी बाबूजींच्या बाजूने वजन टाकलं. पण शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रं नानासाहेबांनाच दिली.

बाबूजींनी मग आपल्या कर्जाचा तगादा लावला. त्यातून सुटायला नानासाहेबांना महादोबा पुरंदरे यांची मदत झाली. म्हणजे ज्या माणसाने पुढे पर्वतीवर मंदिर, वाडा आणि तळं केलं, त्याच्या कारकिर्दीची सुरुवात बारामतीच्या सावकाराशी झालेल्या स्पर्धेने आणि त्याच्या देण्याने झाली होती.

बाबूजी नाईकांचा वाडा आजही बारामतीत कऱ्हा नदीच्या काठी आहे. 'आर्या' या वृत्तातल्या रचनांसाठी प्रसिद्ध असलेले कवी मोरोपंत याच घराण्याच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले.

गढी, नदीकाठचा वाडा आणि टेकडीवरचा वाडा: फरक काय?

पुणे जिल्ह्यात या तिन्ही प्रकारची घरं पाहायला मिळतात. त्यांची तुलना केली की पर्वतीचं वेगळेपण लक्षात येतं.

इंदापुरात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. गढी म्हणजे सपाटीवर, उंचवट्यावर बांधलेलं तटबंदीचं घर. आसपास किल्ला नसला तरी हल्ला झाल्यास तग धरता यावी, गावावर आणि वसुलीवर नजर राहावी, हा तिचा हेतू. मालोजीराजांचा काळ सोळाव्या शतकाचा शेवट आणि सतराव्या शतकाची सुरुवात. तो धामधुमीचा काळ होता.

बारामतीचा नाईकांचा वाडा हा अठराव्या शतकातला. त्यालाही मजबूत तट आणि बुरूज आहेत. पण तो गढीसारखा फक्त बचावासाठी नाही. नदीकाठ, मंदिरं, विद्वानांची ये-जा असं सगळं त्याच्याभोवती होतं.

पर्वतीवरचा वाडा या दोन्हींहून वेगळा होता. तिथेही मंदिराभोवती भक्कम तट आहे. पण इथून राज्याचा रोजचा कारभार चालत नव्हता. देवाच्या शेजारी, शहरापासून जरा दूर, मोकळ्या हवेत राहण्याची ती जागा होती. आणि त्या वाड्याची 'बाग' वाड्याच्या अंगणात नव्हती, तर टेकडीच्या पायथ्याशी होती. टेकडीच्या माथ्यावर पाणी कमी आणि खडक जास्त. त्यामुळे वर वाडा आणि मंदिर, खाली तळं आणि बागा अशी रचना झाली.

देवदेवेश्वर मंदिर का बांधलं?

पर्वती हे मुळात एका गावाचं नाव. इथलं पाटीलपद तावरे घराण्याकडे होतं. टेकडीवर देवीचं एक लहान ठाणं होतं. नानासाहेबांच्या आई काशीबाई यांच्या पायाला दुखणं होतं. या देवीला नवस केल्यावर ते बरं झालं आणि नवस फेडण्यासाठी इथे मंदिर बांधलं, अशी कथा सांगितली जाते.

मंदिर १७४९ मध्ये पूर्ण झालं. मध्ये देवदेवेश्वर म्हणजे शंकर, आणि चार कोपऱ्यांवर छोट्या देवळांमध्ये इतर देव, अशी ही पंचायतन पद्धतीची मांडणी आहे. त्याच वर्षी, १५ डिसेंबर १७४९ रोजी, छत्रपती शाहू महाराजांचं साताऱ्यात निधन झालं. ज्यांनी पेशवेपद दिलं, त्या शाहू महाराजांच्या स्मरणाशीही हे मंदिर जोडलं गेलं आहे.

पुढे टेकडीवर कार्तिकस्वामी, विष्णू, विठ्ठल-रुक्मिणी आणि राम यांची मंदिरं झाली. वर जाण्यासाठी १०३ दगडी पायऱ्या आहेत. त्या इतक्या रुंद आणि बुटक्या आहेत की हत्तीलाही चढता यावं म्हणून तशा केल्या, असं सांगतात. चढताना त्याचा अनुभव येतो. एका पायरीवर दोन-दोन पावलं पडतात.

पाणी कुठून आलं?

बाग म्हटलं की आधी पाण्याचा प्रश्न. पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचे डोंगर आहेत. तिथून उगम पावणारा आंबील ओढा त्या काळी शहरातून वाहत जाऊन मुठा नदीला मिळत असे. पावसाळ्यात तो वस्तीत शिरायचा.

नानासाहेबांच्या काळात या पाण्याबाबत दोन मोठी कामं झाली.

पहिलं काम कात्रजचं. तिथे धरण बांधून पाणी साठवलं गेलं आणि जमिनीखालच्या दगडी बांधीव नळातून ते थेट शहरात आणलं गेलं. या नळावर ठरावीक अंतरावर 'उच्छ्वास' ठेवले होते. उच्छ्वास म्हणजे जमिनीवर येणारी विहिरीसारखी बांधीव तोंडं. त्यातून हवा बाहेर पडे, गाळ काढता येई आणि पाण्याचा दाबही सांभाळला जाई. हे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, फक्त उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचत असे. शनिवारवाड्यातली कारंजीही याच पाण्यावर उडत.

दुसरं काम पर्वतीच्या पायथ्याचं. आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि टेकडीखाली बांध घालून सुमारे २५ एकरांचं तळं तयार केलं गेलं. तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखलं. या बांधकामाची एक गोष्ट पुण्यात आजही सांगतात. काम रेंगाळलेलं पाहून नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरले आणि दगड उचलू लागले. ते पाहून बाकीचे सरदारही कामाला लागले.

गोष्ट खरी असो वा नसो, तळ्यामुळे तीन फायदे झाले. ओढ्याचं पाणी वस्तीपासून दूर गेलं, बागांना हक्काचं पाणी मिळालं आणि टेकडीवरच्या वाड्याला समोर देखणा जलाशय मिळाला.

पेशव्यांच्या बागा कशा होत्या?

आज 'बाग' म्हटलं की हिरवळ, बाकडी आणि मुलांची खेळणी डोळ्यांसमोर येतात. अठराव्या शतकातली पुण्यातली बाग वेगळी होती. ती शोभेची होती, तशीच ती उत्पन्नाचीही होती. आंबा, नारळ आणि इतर फळझाडं, पूजेसाठी फुलझाडं, विहीर, मोट, पाट आणि या सगळ्याच्या मध्ये बसाय-उठायला एखादी इमारत. फुलं देवघरात जायची, फळं मुदपाकखान्यात.

पुण्यातल्या कितीतरी ठिकाणांच्या नावांत 'बाग' आहे: हिराबाग, सारसबाग, विश्रामबाग, रमणबाग, मोतीबाग, माणिकबाग, तुळशीबाग, बेलबाग. यातल्या काही पेशव्यांच्या, तर काही त्यांच्या कारभाऱ्यांच्या. आज बहुतेकांची फक्त नावं उरली आहेत. तुळशीबागेत खरेदीला जाणाऱ्या किती जणांना तिथे कधी खरंच बाग होती हे आठवतं?

पर्वतीच्या पायथ्याच्या दोन बागा महत्त्वाच्या.

*हिराबाग:* ही तळ्याच्या काठी होती. इथे पेशव्यांची बैठकीची इमारत होती आणि बड्या पाहुण्यांचं आदरातिथ्य इथे होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात आलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाला दुसऱ्या बाजीरावांनी हिराबागेत बोलावलं होतं. इथून समोर तळं, तळ्यात बेटावरचं देऊळ आणि मागे पर्वती असा देखावा दिसे.

*सारसबाग:* तळ्यातल्या बेटावर बाग होती. १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात, तिथे सिद्धिविनायकाची स्थापना झाली. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे लोक त्याला 'तळ्यातला गणपती' म्हणू लागले. आज तळं नाही, पण नाव टिकून आहे.

सवाई माधवरावांना प्राण्यांची आवड होती. त्यांचा शिकारखाना, म्हणजे पाळलेल्या वन्य प्राण्यांचा संग्रह, पर्वतीच्या पायथ्याशी होता. योगायोग म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षांनी, १९५३ मध्ये, पुणे महापालिकेने याच परिसरात पेशवे पार्क आणि त्यात प्राणिसंग्रहालय सुरू केलं. पुढे ते प्राणी कात्रजला हलवले गेले.

रमणा म्हणजे काय?

पर्वतीच्या पायथ्याशी आणखी एक जागा होती: रमणा. हे एक मोठं आवार होतं. श्रावणात देशभरातून आलेल्या ब्राह्मणांना इथे दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली होती आणि नंतर ती पेशव्यांकडे आली. विद्वानांना त्यांच्या विद्येप्रमाणे जास्त रक्कम मिळे, पण दक्षिणा फक्त ब्राह्मणांनाच होती.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या खर्चाचं रूप बदललं. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिला याच दक्षिणेच्या निधीचा आधार होता. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेजची परंपरा सुरू झाली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज करून, हा पैसा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा अशी मागणी केली. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत जोतीराव फुलेही होते. पर्वतीच्या पायथ्याशी वाटला जाणारा पैसा नेमका कोणासाठी, हा वाद तेव्हाच सुरू झाला होता.

पानिपतनंतर पर्वतीवर काय घडलं?

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेबांचा मोठा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेही गेले. नानासाहेब मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांना ही बातमी कळली आणि ते परत फिरले.

पुण्यात आल्यावर ते पर्वतीवर राहिले. तब्येत खालावत गेली आणि २३ जून १७६१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय फक्त ४०. निवांतपणासाठी बांधलेली ही जागा त्यांच्या शेवटच्या दिवसांची जागा ठरली. पर्वतीवर आज त्यांचं स्मारक आहे. त्यांची समाधी मात्र शहरात, मुठा नदीकाठी आहे.

पेशवाईचा शेवटही पर्वतीवरूनच दिसला?

होय. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याच्या उत्तरेला खडकी इथे पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. मराठ्यांचं नेतृत्व बापू गोखले करत होते. पेशवे दुसरे बाजीराव रणांगणावर नव्हते. ते पर्वतीवर होते आणि तिथून लढाई पाहत होते. ज्या खिडकीतून त्यांनी ती पाहिली ती म्हणून तटातली एक खिडकी दाखवली जाते.

लढाई कंपनीने जिंकली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी, जून १८१८ मध्ये, बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. त्यांना वार्षिक ८ लाख रुपये तनखा देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर इथे पाठवण्यात आलं. १८५१ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. पुणं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

पर्वतीवरचा वाडा यानंतर मालकाविना राहिला. आज तिथे वाड्याचे अवशेष आहेत, तट आहे, मंदिरं आहेत, पण राहता वाडा म्हणून काही उरलेलं नाही.

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथे होणार होतं?

ही फारशी माहीत नसलेली गोष्ट. १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात घ्यायचं ठरलं होतं. त्यासाठी पर्वतीजवळची पेशव्यांची बाग, म्हणजे हिराबाग, निवडली होती. प्रतिनिधींची बैठक आणि राहण्याची सोय दोन्ही तिथेच होणार होती. पण ऐनवेळी पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजमध्ये हलवलं गेलं. २८ डिसेंबर १८८५ रोजी तिथे ७२ प्रतिनिधी जमले.

ज्या बागेत पेशवे पाहुण्यांना बोलावत, तिथे ६०-७० वर्षांत देशभरातले लोकप्रतिनिधी जमवण्याचा बेत आखला जाऊ शकला. बाग हळूहळू सार्वजनिक होत होती. टेकडीवरचं मंदिर मात्र अजून सगळ्यांचं झालं नव्हतं.

पर्वती सत्याग्रह काय होता?

पर्वतीच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका तोच माहितीफलकांवर क्वचित दिसतो.

१९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर मंदिरप्रवेशाची मागणी जोर धरू लागली. पुण्यात त्यासाठी पर्वतीची निवड झाली. या मंदिरात इतर सगळ्या जातींच्या हिंदूंना जाता येत होतं, एवढंच काय अहिंदू पाहुणेही टेकडीवर येऊन देखावा पाहत. पण तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना देवळाचं दार बंद होतं.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे नेतृत्व करणाऱ्यांत होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी, विनायकराव भुस्कुटे असे सवर्ण कार्यकर्तेही सोबत होते. सत्याग्रही पायऱ्या चढून गेले. वर दरवाजे बंद होते. सनातन्यांच्या जमावाने त्यांच्यावर दगड फेकले. राजभोज आणि एस. एम. जोशी यांच्यासह अनेक जण जखमी झाले.

त्या दिवशी दार उघडलं नाही. सत्याग्रह पुढे काही महिने चालला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि लक्ष तिकडे गेलं. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं.

आज १०३ पायऱ्या चढून वर जायला दहा मिनिटं लागतात. त्याच पायऱ्या चढून दारापर्यंत पोहोचलेल्या काही लोकांना आत जायला १८ वर्षं लागली, हे चढताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तळं कुठे गेलं?

विसाव्या शतकात तळं आटत गेलं आणि तिथे सार्वजनिक बाग झाली. महापालिकेने ती विकसित केली. देवळाभोवतीच्या छोट्या कमळांच्या तळ्यावर आज जुन्या जलाशयाची आठवण भागवावी लागते. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये 'फुलराणी' ही मुलांची आगगाडी सुरू झाली आणि पुण्याच्या कितीतरी पिढ्यांचं बालपण तिच्याशी जोडलं गेलं.

पाणी मात्र विसरत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली माणसं उंचावर धावली. त्यात पर्वतीही होती. पेशव्यांच्या निवांतपणासाठी निवडलेली उंची त्या दिवशी बेघर झालेल्यांच्या उपयोगी पडली.

आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला अचानक पूर आला. कात्रजकडून आलेलं पाणी ओढ्याकाठच्या वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये शिरलं, माणसं दगावली. अडीचशे वर्षांपूर्वी हाच ओढा वळवून त्याला तळ्याची जागा दिली होती. ती साठवणीची जागा आता नाही, काठावर बांधकामं झाली आहेत आणि ओढ्याची रुंदी कमी झाली आहे. पर्वतीचं तळं फक्त शोभेचं नव्हतं, तर शहराच्या पाणी व्यवस्थेचा भाग होतं, हे अशा वेळी कळतं.

आज काय पाहता येतं?

- *टेकडीवर:* देवदेवेश्वर आणि इतर मंदिरं, नानासाहेबांचं स्मारक, वाड्याचे अवशेष, आणि शस्त्रं, नाणी, भांडी, चित्रं अशा जुन्या वस्तूंचं पेशवे संग्रहालय. तटावर चढलात तर सगळं शहर दिसतं.
- *पायथ्याशी:* सारसबाग आणि तळ्यातला गणपती. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. दिवाळीच्या पहाटे बाग माणसांनी फुललेली असते.
- *सोबत पाहण्यासारखं:* बारामतीत नाईकांचा वाडा, इंदापुरात मालोजीराजांची गढी. तिन्ही पाहिलीत तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून अठराव्या शतकापर्यंत सत्ताधाऱ्यांची घरं कशी बदलत गेली, हे एकाच जिल्ह्यात समजतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पर्वतीची देखभाल कोण करतं?*
टेकडीवरची मंदिरं आणि सारसबागेतला गणपती श्री देवदेवेश्वर संस्थानाकडे आहेत. सारसबाग हे उद्यान पुणे महापालिकेचं आहे.

*पर्वती किल्ला आहे का?*
नाही. तटबंदीमुळे तसं वाटतं, पण पर्वती हे मंदिर आणि वाड्याचं ठिकाण होतं, लष्करी किल्ला नव्हता.

*चढायला कधी जावं?*
सकाळी लवकर. ऊन वाढण्याआधी चढून होतं आणि हवा स्वच्छ असेल तर सिंहगडाचा डोंगरही दिसतो. गर्दीचं म्हणाल, तर सकाळी व्यायामाला येणाऱ्यांमुळे पायऱ्या क्वचितच रिकाम्या असतात. एका घराण्याच्या निवांतपणासाठी निवडलेल्या टेकडीवर आज रोज कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, चढून जातं.